फळीखालचं पाणी

आमच्या घरात भिंतीवर काही टिकत नसे. आरसा लावला की आठवड्याभरात खिळ्यासकट खाली यायचा. मायनं हौसेनं आणलेल्या देवीच्या तसबिरीची काच दोनदा फुटली, तेव्हा तिनं ती पिठाच्या डब्यावर आडवीच ठेवून दिली. देवी आमच्याकडं कायमची झोपून राहिली. घर खदानीच्या काठावर होतं. भिंती खदानीच्याच दगडाच्या, वर पत्रा, आणि पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगडही तिथलेच. संध्याकाळी खदानीत सुरुंगाचा बार उडाला की सगळं घर एकदा अंग झाडल्यासारखं हलायचं, पत्र्यावरचे दगड जागच्या जागी उडायचे आणि वरून बारीक पांढरी भुकटी पडत राहायची. भाकरीत कचकच लागली तर आमच्याकडं कुणी कुरकुर करत नसे. बदनापूरच्या शाळेत मैत्रिणीनं तिच्या डब्यातली भाकरी मला दिली, तेव्हा ती दाताखाली इतकी गुपचूप गेली की मला ती कच्चीच वाटली होती.

बार कधी उडणार हे आम्हाला घड्याळावरून कळत नसे. मुकादमाचा माणूस पत्र्याचा डबा बडवत काठाकाठानं पळायचा, "बार हाये, बार! हटा, बार!" तो आवाज आला की मायचे हात आपोआप चालू लागत. आधी मळलेल्या पिठावर परात पालथी घालायची, मग फळकुटावरची पितळी भांडी जमिनीवर उतरवायची, चुलीवर झाकण ठेवायचं आणि माझ्या दंडाला धरून टेकाडामागं न्यायचं. गिट्टी फोडणाऱ्या सगळ्या बाया तिथं आधीच येऊन बसलेल्या असत. दिवसभरात बसून बोलायला मिळायचा तो तेवढाच वेळ, त्यामुळं टेकाडामागं हसणं-खिदळणं फार. कुणाच्या सुनेची, कुणाच्या म्हशीची गोष्ट अर्ध्यावर आलेली असायची आणि तेवढ्यात धडाम्म. मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा गोष्ट तिथूनच पुढं.

माय मात्र त्या गप्पांत नसायची. ती टेकाडाच्या कडेनं डोकं बाहेर काढून खदानीच्या पाण्याकडं बघत राहायची. कारण वात पेटवणारा माणूस माझा बाप होता.

आमची खदान तीन बाजूंनी सरळ तासलेली आणि चौथ्या बाजूनं ट्रॅक्टर उतरायला रस्ता, अशी होती. रस्त्यासमोरचा कडा सगळ्यांत उंच, आणि त्याच्या पायथ्याशी जुना खोल खड्डा पाण्यानं भरलेला. उन्हाळ्यातही ते पाणी आटत नसे. काळंभोर, आणि ऐन दुपारीही गार. या कड्याच्या मध्यावर दगडाची एक अरुंद पट्टी पुढं आलेली होती. तिला सगळे 'फळी' म्हणत. चांगला दगड त्या फळीच्या मागच्या अंगाला होता, म्हणून भोकं तिथंच पाडायची आणि बारही तिथंच भरायचा. फळीवर जायला वरून सोडलेला एक दोर होता. उतरताना माणूस दोर धरून सरकत खाली यायचा. चढताना मात्र दोर वेळ घेतो, आणि वात कुणाला वेळ देत नाही. म्हणून आबा सगळ्या वाती पेटवून फळीच्या टोकाला यायचे, दोन्ही हात मांडीला चिकटवायचे आणि पाण्यात उडी टाकायचे. पोहत पलीकडच्या काठाला लागून खडकाच्या आडोशाला गेले की मागं बार उडायचा. मायचा जीव तेव्हा भांड्यात पडायचा आणि ती बायांकडं वळून पहिल्यांदा हसायची.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं. माझ्या सासरी मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासऱ्यांना मी रचून सांगते आहे असं वाटलं. पण आमच्या घरी 'आबांनी उडी मारली' हे 'आबा कामावरून सुटले' या अर्थानंच बोललं जायचं. आबांची उडी नेहमी उभी असायची. पाय जुळवून, चवडे खाली ताणून, हनुवटी छातीला. गुडघे वाकले तर पाणी कंबर मोडतं आणि हात पसरले तर खांदा उखडतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत अंगानंच ते शिकून घेतलं होतं. इतक्या उंचीवरून पाणी मऊ राहत नाही. वरून पाहिलं तर ते फरशीसारखं दिसतं आणि चुकीचं पडलं तर लागतंही तसंच. एकदा हसनाबादकडचा एक पाहुणा तरणा पोरगा पैजेनं वरून उडाला आणि पोटावर पडला. शब्बीरचाचांनी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याचं पोट पिकल्या वांग्याच्या रंगाचं झालं होतं आणि त्याला श्वास घेता येईना. शब्बीरचाचा म्हणजे खदानीचा ट्रॅक्टर चालवणारे, आबांचे जिवाभावाचे मित्र. त्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारत म्हटलं होतं, "बेटा, पानी हे, गादी नई. घर जाके अम्मा को बोल, हल्दी लगा."

आबांचा आणखी एक रिवाज होता. बार उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता ते खांद्यावर टॉवेल टाकून खदानीकडं जायचे आणि ओल्या केसांनी परत यायचे. थंडीतसुद्धा. मायला याचा राग यायचा.

"घरात हंडा तापून राह्यलाय अन् ह्यांला तेच गार पानी गोड लागतंय," ती म्हणायची. "मासे हायेत मागच्या जन्मीचे."

"आंघूळ मोकळ्यावर बरी वाटती," आबा म्हणायचे आणि चुलीपुढं हात शेकत बसायचे. कधी नडगी खरचटलेली असायची, कधी बोटाचं नख काळंनिळं झालेलं. माय हळद दाबता दाबता पुन्हा तेच बोलायची. मग गरम भाकरी, अंबाडीची भाजी, कधी पातळ येसर आमटी. आबा जेवताना बोलत नसत. तसे ते कधीच फार बोलत नसत. मी शाळेतून पहिला नंबर आणला तेव्हाही त्यांनी निकालपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं, परत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी बदनापूरहून येताना मला एक मोठी मोसंबी आणली. तेवढंच. ती मी सालीसकट खाल्ली होती.

माझा भाऊ कैलास माझ्याहून मोठा. मी त्याला भाऊच म्हणत असे. दहावीत गणितात अडकला आणि शाळेला त्यानं कायमचा रामराम केला. ट्रॉलीत गिट्टी भरायच्या कामाला लागला. अंगानं काटक, रंग आबांसारखा सावळा, आणि हसला की डोळे पार मिटून जायचे. सोमवारी बाजार असल्यामुळं खदान बंद असायची. त्या दिवशी भाऊ कड्यावर चढायचा. फळीवरून नाही, थेट माथ्यावरून, आबांच्या उडीच्या दुप्पट उंचीवरून. आणि उभी उडीही नाही. तो सूर मारायचा. हात डोक्यापुढं जोडलेले, अंग ताणलेलं, आणि मधल्या हवेत एक क्षण असा यायचा की तो पडतो आहे हे डोळ्यांना खरंच वाटत नसे; तो तिथं कुणीतरी ठेवल्यासारखा दिसायचा. मग पाणी 'चप' असा अगदी बारीक आवाज करायचं. आबांच्या उडीला मोठा धबाका व्हायचा, भाऊच्या सुराला आवाजच नसे. पोरं म्हणायची, पाण्यालासुद्धा कळत नाही कैलास कधी आला.

बघायला माणसं येऊ लागली. बदनापूरहून सायकलींवर पोरं यायची, स्टेशनावर उतरलेले पाहुणे वाट वाकडी करून यायचे. मी काठावर त्याचे कपडे धरून बसायचे आणि मला फार अभिमान वाटायचा. तो वरून ओरडायचा, "सुमे, कुनीकडं तोंड करून मारू?" मी म्हणायचे, "माझ्याकडं!" मग सगळे हसायचे.

एकच माणूस बघत नसे. आबा. सोमवारी ते घराच्या पडवीत खदानीकडं पाठ करून बसत आणि छिन्न्यांना धार लावत. भाऊनं किती वेळा म्हटलं असेल.

"आबा, एक डाव तरी बघा की."

"काय बघायचं?"

"सगळा तालुका बघून राह्यलाय. तुम्हीच बघंना."

"म्या उडी मारतो ती मागं जाळ असतो म्हून," आबा छिन्नीवरची नजर न काढता म्हणायचे. "तुझ्या मागं काय लागलंय?"

भाऊ हसून सोडून द्यायचा, पण रात्री भाकरी खाताना त्याचं लक्ष ताटात नसायचं. मला म्हणायचा, "ह्यांला आवडत न्हाई का भ्याव वाटतं, तेच कळत न्हाई." माय म्हणायची, "तुझ्या बापाला काय आवडतं ते मला बी अजून कळलं न्हाई. गप जेव."

मी अकरावीत गेले त्या वर्षी आबांचा गुडघा धरू लागला. फळीवर उतरताना दोरावर ते मधेच थांबायचे. पावसाळ्यानंतरच्या एका बारात ते पलीकडच्या काठाला लागायच्या आतच स्फोट झाला आणि मुठीएवढी दगडाची चिप त्यांच्या खांद्यात बसली. मायनं ती जखम पाहिली आणि तिला रडूही आलं नाही, ती नुसती जात्यापाशी जाऊन बसली. त्याच दिवशी भाऊनं मनाशी ठरवलं असणार. तो मला म्हणाला, "सुमे, आबांला आता घरी बसवायचं. बत्ती म्या देनार. म्या सूर मारला की बार व्हायच्या आत पान्याच्या तळाला असन. दगड वरून गेले तरी मला काय करनार?"

त्यानं हे आबांनाही सांगितलं. आबा इतके चिडलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

"बिलकुल न्हाई. त्या फळीवर तुझा पाय पडता कामा नये."

"मंग तुम्ही काहून जाता?"

"म्या जातो ते तुम्हाला जावं लागू नये म्हून."

"तुमचा गुडघा वाकंना, आबा. एक दिवस वात तुमच्या आधी पोचंल."

"पोचू दे," आबा म्हणाले आणि टॉवेल उचलून बाहेर निघून गेले.

मग भाऊ मुकादमाकडं गेला. मुकादमालाही आबांच्या गुडघ्याची चिंता होतीच, पण आबांसमोर दुसऱ्याला बत्ती देण्याची त्याची हिंमत नव्हती. तो संधी बघत राहिला. ती लवकरच आली. परतूरला माझ्या आत्याच्या मुलीची सुपारी फुटायची होती आणि तिला दुसरा मामा नसल्यामुळं आबांना जाणं भाग होतं. आदल्या संध्याकाळी मोठा बार उडवून ते आले, जेवले, आणि पहाटेच्या पॅसेंजरनं गेले. माय दारातून म्हणाली, "आज बरी आंघूळ चुकली तुमची." आबा वळून म्हणाले, "गाडी न्हाई सापडायची. आल्यावर करतो." कामाचा दिवस होता. कामाच्या दिवशी पाण्यात त्यांच्याखेरीज कुणी उतरत नसे.

दुपार कलली तेव्हा डबा वाजला. मी शाळेतून नुकतीच आले होते. मायनं पिठावर परात घातली आणि मग तिचे हात थांबले.

"आबा तर गावाला गेलेत," ती म्हणाली. "मंग बत्ती कोन देतंय?"

आम्ही टेकाडामागं पोचलो तेव्हा भाऊ दोरावरून उतरून फळीवर उभा होता. मुकादम रस्त्याच्या तोंडाशी उभा राहून ओरडत होता, "बारीकच हाये, कैलास! तीनच भोकं! भिऊ नको!" भाऊनं वर हात केला. त्याला मजा वाटत असावी, कारण तो हसत होता. इतक्या लांबूनही त्याचे मिटलेले डोळे मला दिसल्यासारखे वाटले. मायनं हाक मारली नाही. वाती पेटत असताना माणसाला हाक मारायची नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. भाऊ वाकला, एकेक वात पेटवत टोकाशी आला, उभा राहिला, हात पुढं जोडले आणि त्यानं सूर मारला. फार सुरेख होता तो सूर. हे लिहायला नको, पण खरं आहे म्हणून लिहिते.

पाण्यानं या वेळी 'चप' केलं नाही. वेगळाच, आतून आल्यासारखा एक दबका आवाज झाला. आणि थोड्या वेळानं भाऊ वर आला तो पाठीवर, तोंड आभाळाकडं, हात दोन्हीकडं सुटलेले. तो पोहत नव्हता.

माय उठून पळाली. चार बायांनी तिला धरलं. ती त्यांना ओरबाडत होती, चावत होती, आणि त्या तिला सोडत नव्हत्या, कारण फळीवर वाती जळत होत्या. शब्बीरचाचा ट्रॅक्टरच्या आडून दोनदा पुढं झाले आणि दोनदा मुकादमानं त्यांना मागं ओढलं. सगळी खदान एका माणसाकडं बघत होती आणि कुणालाही त्याच्याकडं जाता येत नव्हतं. तो वेळ किती होता मला सांगता येणार नाही. मी नंतर आयुष्यात पुष्कळ गोष्टींची वाट पाहिली, निकालांची, नोकरीच्या हुकमाची, मुलांच्या जन्माची. त्या सगळ्या मिळूनही तेवढ्या लांब नव्हत्या. मग बार उडाला. दगड उंच गेले आणि भाऊच्या आजूबाजूला पाण्यात पडू लागले. एकही त्याला लागला नाही. माय पुढं कित्येक वर्षं हे सांगायची, एक बी दगड लागला न्हाई माझ्या लेकराला, आणि मग तिला पुढचं सांगता यायचं नाही.

धुरळा खाली बसायच्या आत शब्बीरचाचांनी पाण्यात उडी घेतली होती. भाऊला ट्रॉलीत गोणपाटावर घालून बदनापूरला आणि तिथून जालन्याच्या दवाखान्यात नेलं. मान मोडली होती. पाण्याखाली, फळीच्या बरोबर खाली, आदल्या दिवशीच्या बारानं पडलेला एक मोठा धोंडा उभा रुतून बसला होता. त्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून फार खोल नव्हता. वरून काळ्या पाण्यात तो दिसणं शक्य नव्हतं.

आबा दिवेलागणीला थेट दवाखान्यात आले. परतूरच्या स्टेशनावरच कुणीतरी निरोप पोचवला होता. अंगावर सुपारीसाठी घातलेला धुवट सदरा, खिशात आत्यानं आमच्यासाठी बांधून दिलेल्या धपाट्यांची पुरचुंडी. भाऊला मानेखाली काहीच हलवता येत नव्हतं, पण तो शुद्धीवर होता. बोलताना मधे मधे श्वास गोळा करावा लागत होता. आबा खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. आपला हात धरलाय हे भाऊला बघितल्यावरच कळलं.

"आबा," तो म्हणाला, "तिथं दगड कुठून आला? तुम्ही तर... रोज तिथंच उडी मारता."

 मायनं पदर तोंडाशी धरला होता. भाऊनं पुन्हा विचारलं, "तुम्हाला कसा लागला न्हाई कधी?"

"म्या काढत होतो रं," आबा म्हणाले.

"काय काढत होते?"

"दगड. बार झाला की पडतेच की खाली. सकाळी बुडी मारून पायानं चाचपायचं. पहारीनं ढकलायचं बाजूला. न्हाईच हललं तर दुसऱ्या दिवशी उडी हातभर इकडं मारायची." त्यांनी मायकडं पाहिलं. "आंघूळ न्हवती ती."

माय त्यांच्याकडं बघतच राहिली. तिनं इतकी वर्षं त्या नडग्यांना हळद लावली होती.

भाऊ छताकडं बघत होता. आम्ही सगळ्यांनी आबांची उडी इतक्या वेळा पाहिली होती की ती जागाच सुरक्षित आहे असं आम्हाला वाटायचं. देवळाच्या पायरीसारखी, आहे तिथं आहे. ती जागा रोज नव्यानं करावी लागत होती, हे आमच्यातल्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"मंग सोमवारी..." भाऊ म्हणाला. "म्या माथ्यावरून मारायचो..."

"तुझ्या सुराला खोल लागतं," आबा म्हणाले. "सोमवारी जास्त लांबवर बघायचो. पार मधल्यापर्यंत. तू कुठं पडतो ते मला म्हाईत होतं."

"तुम्ही तर बघतच न्हवते."

"आवाज यायचा न्हाई तुझा. आवाज आला न्हाई म्हंजी बराबर पडला, असं समजायचो." आबांनी त्याच्या पायांवरची चादर नीट केली. "पाठ करून बसायचो ती बघवत न्हवतं म्हून. दुसरं काय न्हाई."

भाऊनं डोळे मिटले. मला वाटलं त्याला झोप लागली. मग तो म्हणाला, "सांगायचं ना मंग, आबा."

"सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, बापच जागा करून देतोय. मंग तू थांबला नसता."

"बराबर हाये," भाऊ म्हणाला. आणि तो हसला. थोडंसंच, पण डोळे नेहमीसारखे पार मिटून. "कसा होता सूर, आबा? कुनी सांगितलं का?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "लई सुरेख होता, भाऊ." 

त्यानंतर तो थोडेच दिवस राहिला. श्वास कमी कमी होत गेला. शेवटच्या सकाळी आबा त्याच्या पायांना तेल चोळत होते. ते त्याला कळत नव्हतं, तरी चोळत होते.

दहावं-तेरावं झाल्यावर मुकादम घरी आला. तो दारातच बसला, आत यायला त्याला धीर झाला नाही. मायनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. आबांनी त्याला एवढंच सांगितलं की मी कामावर येतो, पण फळीवरून वर जायला वाट झाल्याशिवाय तिथं एकही बार भरायचा नाही. मुकादम म्हणाला, वाट कुठून येणार? आबा म्हणाले, मी करतो.

सगळा उन्हाळा आबा त्या कड्यात पायऱ्या खोदत होते. कमरेला दोर बांधून, छिन्नी आणि सुतकीचा हातोडा घेऊन, फळीपासून माथ्यापर्यंत तिरक्या, एकावर एक. काळा बसाल्ट दगड, एका पायरीला दोन दोन छिन्न्या बोथट व्हायच्या. शब्बीरचाचा माथ्यावर सावलीत बसून धार लावून द्यायचे आणि मी त्या दोरीनं खाली सोडायचे. ठक ठक ठक असा तो आवाज सकाळपासून घरात ऐकू यायचा. सुरुवातीला मायला तो सहन होत नसे, नंतर तो थांबला की ती बाहेर येऊन बघायची. पायऱ्या झाल्या. त्यानंतर आबा आणि त्यांच्यामागून आलेला बत्तीवाला, दोघंही वाती पेटवून पायऱ्यांनी भराभर वर यायचे आणि टेकाडामागं येऊन बसायचे. कुणालाही पाण्यात उडी मारावी लागली नाही. बायकांत बसून आबा पहिल्यांदा बाराचा आवाज ऐकत होते. त्यांच्याकडं बघून मला कळलं की हे अगदी पहिल्या दिवसापासून करता आलं असतं. एवढी साधी गोष्ट होती. उडी जमत होती, म्हणून वाटेची आठवण कुणाला झाली नाही.

पुढच्या वर्षी मी बारावी झाले. पुढं शिकायचं की नाही असा प्रश्न घरात निघालाच नाही. आबांनी शब्बीरचाचांना सांगितलं आणि चाचा मला रोज सकाळी ट्रॅक्टरवर बदनापूर स्टेशनात सोडू लागले. तिथून गाडीनं जालन्याचं कॉलेज. "पढ ले बेटी," ते म्हणायचे, "तेरे घर में अब तूच हे." मी पदवीधर झाले, आमच्या खदानीवरची पहिली. शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. वर्गात कित्येक पोरांना मी वाचायला शिकवलं असेल, पण मला जे मिळालं ते कुणाकुणाच्या हातून आलं, हे मोजायला बसले की मला अजून त्या छिन्नीचा आवाजच आधी ऐकू येतो. आबा, माय, चाचा, तिघंही आता नाहीत.

खदान बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. उपसा थांबला आणि पाणी चढत चढत फळीच्या अगदी जवळ आलं. गेल्या उन्हाळ्यात नणंदेच्या मुलाच्या लग्नाला त्या बाजूला गेले होते, तेव्हा तिथं जाऊन आले. जाताना वाटलं, सगळं ओसाड असेल. पण काठावर मोटारसायकलींची रांग होती. पाच-सहा पोरं चड्ड्यांवर, एकाच्या हातात मोबाईल. ती माथ्यावरून उड्या टाकत होती, पोहत फळीशी येत होती, फळीवर चढून पायऱ्यांनी पळत वर जात होती आणि पुन्हा उडी. मी पायऱ्यांशी गेले आणि मधल्या एका पायरीवर बसले. दगडावर छिन्नीचे टवके अजून तसेच आहेत.

एक ओला पोरगा खालून आला. "आजी, सरका जरा. वर जायचंय."

"या पायऱ्या कुणी केल्यात माहीत आहे का रे?"

"सरकारनं केल्या असतीन."

"माझ्या वडिलांनी केल्यात."

"खरंच?" त्याला मनापासून आनंद झाला. त्यानं खाली ओरडून सांगितलं, "ए, ह्या आजीच्या वडलांनी केल्यात रे पायऱ्या!" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "लई भारी काम केलं, आजी. ह्या नसत्या तर एका उडीतच दम निघाला असता. आता कितीबी मारा."

मी त्याला भाऊची गोष्ट सांगितली. खालची पोरंही येऊन पायऱ्यांवर बसली, मोबाईलवाल्यानं मोबाईल खाली ठेवला. सगळ्यांनी नीट ऐकलं. चांगली पोरं होती. एकानं विचारलं, "मंग खाली अजून असन का तो धोंडा?" मी म्हटलं, असेल. पाणी चढलंय, पण धोंडा कुठं जाणार?  मग पहिला पोरगा हळूच म्हणाला, "आम्ही लांब मारतो, आजी. त्या बाजूला न्हाई," आणि माझ्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून वर गेला.

मी पाय आखडून घेतले. तो उडाला तेव्हा मी पाण्याकडं बघत राहिले, डोकं वर येईपर्यंत. मग दुसरा गेला, मग तिसरा. लग्नाकडचे लोक मला शोधत काठावर आले, हाका मारू लागले. शेवटच्या पोरानं कपडे घातले आणि तो गाडीवर बसला, तेव्हाच मी उठले.